एफडीपी झाली, प्रमाणपत्रं मिळाली, वर्ग तसाच: आयक्यूएसीनं काय करावं?

मॅडम, आयक्यूएसी म्हणजे कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष सांभाळताना तुम्हाला पडलेला प्रश्न असा: कोल्हापुरातल्या तुमच्या कॉलेजात दरवर्षी पाच दिवसांची एफडीपी, म्हणजे प्राध्यापकांचं प्रशिक्षण होतं, नॅकच्या मूल्यांकनाची फाइल जाड होते, पण शिकवण्यात फरक पडत नाही. सत्राअखेरच्या अभिप्रायांतही सगळं 'उत्तम'च.

ते तसंच येणार. सत्र संपल्यावर दिलेल्या अभिप्रायाचा, देणाऱ्याला काहीच उपयोग नसतो. पोरं ते ओळखून असतात आणि सरसकट पाचावर टिक मारतात. म्हणून अभिप्राय सत्राच्या मध्यावर घ्या. वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेली लहान गटांची पद्धत आपल्याकडे सहज चालते.

पंधरा आठवड्यांच्या सत्रात सहावा-सातवा आठवडा धरा. पहिल्या सत्रात गणपतीची सुट्टी आणि अंतर्गत परीक्षा बघून तारीख ठरवा. 48 मिनिटांच्या तासातली शेवटची 25 मिनिटं लागतात. शिकवणारे सर बाहेर जातात आणि दुसऱ्या विभागाचे, त्या वर्गाचे पेपर न तपासणारे सहकारी आत येतात. चार-पाच जणांचा गट, गटाला एकच कागद, त्यावर नाव नाही, रोल नंबर नाही. प्रश्न तीन: शिकायला कशाची मदत होते, अडतं कुठं, आणि कोणता बदल हवा. लिहायला आठ मिनिटं. मग प्रत्येक गटाचे मुद्दे फळ्यावर घ्यायचे आणि एकेका मुद्द्याला हात वर करायला लावून आकडा टिपायचा. 60 पैकी 41 हात आणि 60 पैकी 3 हात यांतला फरक कळतो, म्हणूनच एखाद्या चिडलेल्या पोराची तक्रार अख्ख्या वर्गाची ठरत नाही.

सहकाऱ्याचं खरं कसब खोदून विचारण्यात आहे. 'कळत नाही' या उत्तराचा काही उपयोग नाही. 'उदाहरणातली दुसरी पायरी लिहून होईस्तोवर फळा पुसला जातो' हे कामाचं. मराठीत लिहा असं सुरुवातीलाच सांगा. इंग्रजीत लिहायला लावलं की 'गुड टीचिंग'च्या पलीकडं काही येत नाही. दिवसाचा शेवटचा तास घेऊ नका, गारगोटी-राधानगरीच्या एसटीची वेळ झालेली पोरं मनानं स्टँडवर असतात.

मूळ कागद सरांकडं देऊ नयेत, अक्षर ओळखू येतं. सहकाऱ्यानं दोन दिवसांत एक पान टाइप करून समोरासमोर बसून द्यावं. सरांनी त्यातले फार तर दोन बदल निवडावेत आणि पुढच्याच तासाला पाच मिनिटं वर्गाशी बोलावं: हे बदलतोय, हे बदलता येत नाही, कारण अभ्यासक्रम. ही पाच मिनिटं बहुतेक ठिकाणी राहून जातात, आणि मग पुढच्या खेपेला कागद कोरे येतात.

सगळ्यात मोठा धोका मात्र वर्गाबाहेर आहे. प्राचार्य म्हणतात, 'अहवाल मलाही दाखवा.' तो अहवाल कॅसच्या, म्हणजे बढतीच्या फाइलला लागला की स्वेच्छेनं कोणी पुढं येणार नाही. म्हणून सुरू करण्याआधी लेखी ठरवून घ्या: अहवाल त्या शिक्षकाचा, आयक्यूएसीकडं फक्त तारीख, वर्गसंख्या आणि विनानावाची बदलांची यादी. सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मंडळींना तर आदेश काढून यात ओढूच नका. ज्यांची नेमणूक दरवर्षी नव्यानं व्हायची, त्यांना हे ऐच्छिक आहे असं सांगून पटत नाही. सुरुवात चार-पाच ज्येष्ठांपासून करा, बाकीचे बघून येतील.

तास बघायला जायचं असेल तर शेरे लिहू नका. 48 मिनिटांच्या 24 चौकटी आखा आणि दर दोन मिनिटांनी फक्त नोंदवा: कोण बोलतंय, पोरं काय करतायत. सलग अठरा चौकटी 'सर बोलतात' अशा भरलेला कागद समोर ठेवला की सल्ला द्यायची वेळ क्वचितच येते. 'कळलं का?' विचारल्यावर किती वेळ थांबलं जातं तेही मोजा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांत हे मोजलं तेव्हा शिक्षक साधारण एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली. आणि 'कळलं का'ऐवजी उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न हवा.

'ही सगळी फॅडं' म्हणणाऱ्या विज्ञानाच्या सरांना 2014 चं एकत्रित विश्लेषण दाखवा. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे 225 अभ्यास त्यात होते. नुसत्या व्याख्यानात नापासांचं सरासरी प्रमाण 33.8 टक्के, विद्यार्थ्यांना वर्गात काम करायला लावलं तिथं 21.8. मराठी-इतिहासवाल्यांपुढं हा आकडा काढू नका, तो त्यांच्या विषयांचा नाही. त्यांना फळ्यावरचे हातच दाखवा.