पुण्याहून म्हापशाला परत येऊन सॉफ्टवेअर स्टार्टअप काढलंय. गोव्यातल्या स्टार्टअप मंडळींत मिसळायचं कसं?

मीटअप शोधण्याआधी एक नेमका प्रश्न तयार करा. ‘मेंटॉर हवा’ म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि विसरून जातो. ‘हॉटेलच्या बुकिंग सॉफ्टवेअरला आमचं बिलिंग जोडायचंय, हे कुणी केलंय का?’ असं विचारलंत तर निदान एखादा नंबर तरी हाती लागतो. गोवा लहान, तुमचा प्रश्न फिरत फिरत योग्य माणसाकडे पोचतो.

नव्या उद्योगांना जागा आणि मार्गदर्शन देणारी इनक्युबेशन सेंटरं गोव्यात आहेत: फातोर्ड्याला डॉन बॉस्को इंजिनिअरिंग कॉलेजात ‘फायर’ आहे, वेर्ण्याला ‘सीबा’, सांखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचं अटल इनक्युबेशन सेंटर. सगळीकडे एकेकदा डोकावू नका. एक निवडा आणि चार-पाच महिने तिथेच जात राहा. ओळख हजेरीने होते, व्हिजिटिंग कार्डाने नाही.

स्वतः बैठक घ्यायची असेल तर शनिवारी सकाळी साडेदहाला ठेवा, बारा-पंधरा माणसं पुरेत. पणजी ते मडगाव तेहतीसेक किलोमीटर. संध्याकाळी सातला बोलावलंत तर फोंडा-सांगेहून बसने येणारी मुलं अर्ध्यात उठतात आणि शेवटी गाडीवालेच उरतात. तीन स्टार्टअप घ्या. प्रत्येकाने पाच मिनिटांत एकच अडचण मांडायची, मग पंधरा मिनिटं चर्चा. पिच, म्हणजे कंपनीची जाहिरातवजा ओळख, नको. पिच ऐकून लोक टाळ्या वाजवतात, मदत करत नाहीत. कोणी कोणाला काय देतो म्हणाला ते लिहून दोन दिवसांत सगळ्यांना पाठवा. बहुतेक गट इथेच विरतात, कारण हे काम कुणीच अंगावर घेत नाही.

गणेश चवथीच्या आठवड्यात काही ठेवू नका. हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांना डेमो दाखवायचा असेल तर डिसेंबर टाळून पावसाळा गाठा, तेव्हा त्यांना बसायला वेळ असतो. फक्त डेमोचं तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर ठेवा. वीज गेली की वायफायही जातं. आणि बोला कोंकणी-मराठीत. सगळं इंग्रजीत चाललं की वेर्ण्याचा कारखानदार गप्प बसतो, आणि तुम्हाला खरा ग्राहक तोच मिळणार असतो.

विद्यार्थ्यांशी जोडून घेणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. फर्मागुढीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय द्यायचा तर वर्ष सुरू होतानाच द्या. जानेवारीत गेलात तर विषय ठरून गेलेले असतात. आठ-दहा आठवड्यांत संपेल एवढाच तुकडा द्या, डेटा बनावट द्या, ग्राहकांचा खरा नाही. तुमच्याकडच्या एका माणसाचा आठवड्यातला एक तास त्यांच्यासाठी राखून ठेवा. तो तास नसला की मुलं काहीतरी भलतंच बांधून आणतात, आणि दोष त्यांचा नसतो.

सरकारी योजनांसाठी राज्याचा स्टार्टअप सेल आहे, पण आधी डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप म्हणून मान्यता काढा. ती ऑनलाइन, फुकट मिळते, एजंटला पैसे देऊ नका. प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, असेल तर मात्र मिळत नाही; नोंदणीकृत भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड करावी लागेल.