मुखपृष्ठ कादंबरीतच शोध

प्रिय बेटा,

तू पाठवलेली तिन्ही मुखपृष्ठं पाहिली, आणि त्यानंतर तुझं हस्तलिखित पुन्हा एकदा चाळलं. कादंबरी स्वतःच छापायची ठरवलीस, हे मला मनापासून आवडलं. म्हणूनच स्पष्ट लिहितो: तिन्ही मुखपृष्ठांवर तुझी कादंबरी नाही.

पहिल्यावर भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावून बसलेला म्हातारा. विदर्भाचं पुस्तक म्हटलं की हेच चित्र, अशी एक सवयच पडून गेली आहे. पण तुझी गोष्ट दसऱ्यानंतर सुरू होते आणि संक्रांतीच्या आसपास संपते. त्या दिवसांत आपल्या काळ्या रानात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी असते, बांधाला तुरी फुलोऱ्यात असतात. भेगा कुठून आणल्यास? आणि तुझी नायिका कपाळाला हात लावणारी नाही, ती धुऱ्यावर उभी राहून मजुरीचा हिशेब मागणारी आहे. तिच्या पुस्तकावर हा म्हातारा बसवणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे.

दुसऱ्यावरचा कापसाचा फोटो इंटरनेटवरून उचललेला आहे, हे आपल्याकडच्या कुठल्याही वेचणाऱ्या बाईला एका नजरेत कळेल. त्या झाडांना पानंच नाहीत. परदेशात यंत्रानं कापूस वेचायचा असतो, म्हणून औषध मारून आधी पानं गाळतात. आपल्याकडे हिरव्या-तांबूस पानांतून हात घालून, कमरेला ओटी बांधून बाया वेचतात. त्याच चित्रातले बैलही बघ. उंच, लांब शिंगांची ती खिल्लार जोडी सांगली-सोलापूरकडची. वर्ध्याकडचा गवळाऊ आखूड शिंगांचा. आणि तिसऱ्या मुखपृष्ठाची वारली चित्रांची चौकट तर काढूनच टाक. ती कला पालघर-ठाण्याच्या आदिवासींची आहे. सुंदर आहे, पण तुझ्या गावाची नाही.

आता काय घ्यायचं ते सांगतो. तुझ्या सातव्या प्रकरणात बाभळीच्या फांदीला वजनाचा काटा टांगलेला आहे. एकेकीचं गाठोडं त्याला लागतं, आणि मालक चिठ्ठी देत नाही म्हणून ती बाई आपले किलो पेनानं तळहातावर लिहून घेते. तिथं मी थांबलो होतो. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली बोटं आणि तळव्यावर निळ्या शाईत एक आकडा. हेच तुझं मुखपृष्ठ आहे. अख्खी कादंबरी त्यात सांगायची गरज नाही. हा आकडा कशाचा, एवढा प्रश्न वाचणाऱ्याला पडला तरी तो पुस्तक उघडेल.

फोटो तूच काढ. वेचणी सुरू असेल तेव्हा, चारच्या सुमाराच्या तिरप्या उन्हात, म्हणजे ओरखडे उठून दिसतील. ज्या मावशीचा हात घेशील तिला आधी नीट विचार, फोटो कुठे छापला जाणार ते सांग, आणि पुस्तक झालं की पहिली प्रत तिच्या घरी नेऊन दे. मोबाइलचा कॅमेरा पुरतो. छपाईला एका इंचात 300 ठिपके लागतात. फोटो 3000 बाय 4000 पिक्सेलचा असेल तर तो 10 बाय 13 इंचांपर्यंत चांगला छापतो आणि तुझं पुस्तक साडेपाच बाय साडेआठचं, डेमी आहे. फक्त फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवू नकोस, आकार घटून तो निकामी होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर पेनड्राइव्हवर नेऊन दे.

पण फोटोपेक्षाही माझा जीव अक्षरांत अडकला आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं केली. वर्तमानपत्रातल्या काळ्या-पांढऱ्या जाहिरातीत कित्येकदा चित्र नसायचं, तरी अक्षराच्या वळणावरून नाटकाची जात कळायची. तेवढी ताकद आपल्या लिपीत आहे आणि आपण शीर्षक शेवटी कुठंतरी उरलेल्या जागेत चिकटवतो. तू उलटं कर. आधी कोऱ्या पानावर नुसतं शीर्षक आणि तुझं नाव मांड. ते उभं राहिलं की मग हाताचा फोटो आण.

तुझ्या शीर्षकात 'ऱ्हा' आहे. तू वापरलेल्या फाँटमध्ये त्याचा रफार होऊन तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला आहे. मुखपृष्ठावरच अशुद्ध छापलं तर आतल्या दोनशे पानांची मेहनत कोण खरी मानेल? 'ल' आणि 'श'सुद्धा तपास; बऱ्याच फाँटमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. अक्षरं एकमेकांपासून लांब-लांब ठेवून जागा भरू नकोस, इंग्रजीला ते चालतं, आपली शिरोरेषा तुटते. शीर्षक दोन ओळींत करणार असशील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडत नाही ना, ते बघ. 'एक टाईप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त, बलू हे फाँट मोफत आहेत आणि पुस्तकासाठी वापरायला परवानगी आहे. त्याहूनही मला वाटतं, तालुक्याला दुकानांच्या पाट्या रंगवणारा एखादा जुना पेंटर गाठ. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या नाटकांचे फलक बघितले आहेस ना, वडसा-देसाईगंजकडे? चालत्या सायकलवरून नाव वाचता येतं. असा हात असलेल्या माणसाकडून ब्रशनं शीर्षक लिहून घे, स्कॅन कर. त्या ओरखडलेल्या तळव्याशेजारी कॉम्प्युटरची गुळगुळीत अक्षरं शोभणार नाहीत. एआयकडून चित्र काढून घ्यायचं तुझ्या मनात आहे, असं तू लिहिलंस. नको. जोडाक्षरं ते बिघडवू शकतं, आणि त्या हाताला कधी बोंड टोचलेलं नसतं.

रंग कमी ठेव. स्क्रीनवरचा झगझगीत पळसफुलाचा केशरी छापताना मळकट उतरतो, कारण छपाई चार शायांत होते आणि तेवढा तेजस्वी केशरी त्या चारांतून निघत नाही. तो हवाच असेल तर पाचवी खास शाई लागते, खर्च वाढतो. मला विचारशील तर कापसाचा मळका पांढरा, हाताचा रंग, पेनाचा निळा आणि शीर्षक काळं. बस. मॅट, म्हणजे बिनचमकीचं लॅमिनेशन दिसायला देखणं, पण गडद रंगावर नखांचे ओरखडे लगेच दिसतात. तुझं मुखपृष्ठ फिकं आहे, म्हणून मॅट चालेल.

आता कण्याबद्दल, प्रेसमध्ये ज्याला स्पाइन म्हणतात. तुझं पुस्तक दुकानात कमी आणि गावोगावच्या वाचनालयांत, जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात जास्त जाणार आहे. वाचनालयाच्या कपाटात मुखपृष्ठ दिसतच नाही, फक्त कणा दिसतो. म्हणून त्यावर नाव ठळक हवं, वरून खाली जाणाऱ्या एका सलग ओळीत. एकाखाली एक अक्षरं रचू नकोस, काना-मात्रा सुट्या पडतात. आणि खालचा दीड इंच मोकळा सोड. तिथं ग्रंथपाल क्रमांकाची चिठ्ठी चिकटवतात. लेखकाचं नाव त्याच चिठ्ठीखाली गेलेली किती पुस्तकं मी हाताळली आहेत!

कण्याची जाडी अंदाजानं धरू नकोस. आधी आतली पानं पक्की कर. समज 224 पानं झाली, म्हणजे 112 कागद. कागद 0.1 मिलिमीटरचा असेल तर कणा सुमारे 11 मिलिमीटर. मग पूर्ण मुखपृष्ठ मागच्या 140, कण्याच्या 11 आणि पुढच्या 140चं, शिवाय कापणीसाठी दोन्ही बाजूंना 3-3, म्हणजे 297 मिलिमीटर रुंद. उंची 216 अधिक 6. तरीही प्रेसवाल्याकडून त्याच कागदाची कोरी डमी, म्हणजे नमुना प्रत, बांधून घे आणि पट्टीनं मोज. कागद बदलला की कणा बदलतो आणि तुझं शीर्षक घसरून मुखपृष्ठावर येतं.

मलपृष्ठावर कुणा मोठ्या माणसाचे कौतुकाचे शब्द मागायला जाऊ नकोस. काटा टांगलेल्या त्या प्रसंगातल्या आठ-दहा ओळी जशाच्या तशा घे, तुझ्या वऱ्हाडीसकट. खाली किंमत आणि आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा, बारकोड, पांढऱ्या चौकटीत काळ्या रेघा. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मिळतो, आपल्याकडे त्याला पैसे पडत नाहीत. कुणी एजंट मागत असेल तर देऊ नकोस. अर्ज आत्ताच करून ठेव, वेळ लागू शकतो.

छापायला देण्याआधी एक काम कर. मुखपृष्ठाचा रंगीत प्रिंट काढून घरातल्या एखाद्या पुस्तकावर चढव आणि शाळेच्या वाचनालयात कपाटात ठेव. दारातून बघ. मग तेच चित्र मोबाइलवर नखाएवढं करून बघ, कारण ऑनलाइन घेणाऱ्याला ते तेवढंच दिसेल. दोन्हीकडे शीर्षक वाचता आलं तर पुढे जा.

पेंटरशी पैशाचं आधी बोल, आणि जे ठरेल ते काम हातात आलं की लगेच दे. आतल्या पानावर 'शीर्षक अक्षरं' म्हणून त्याचं नाव छाप. तुझ्या कादंबरीतली बाई ज्या हिशेबासाठी भांडते, तो हिशेब तुझ्या पुस्तकात तरी चुकायला नको. डमी आली की घेऊन ये, एकादशी सोडून कोणत्याही दिवशी मी घरीच आहे.

अनेक आशीर्वाद,
तुझा काका