आमचं ग्रेट डेनचं पिल्लू 5 महिन्यांचं आहे. सगळं चावतं, आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारतं. मोठं झालं की आपोआप शांत होईल का?

आपोआप? नाही. असं सांगणाऱ्यांच्या घरात 60 किलोचं कुत्रं कधी राहिलेलं नसतं.

माझा डेन आता प्रौढ आहे, म्हणून लिहिते. तुमचं पिल्लू दिसतं मोठ्या कुत्र्याएवढं, पण अक्कल बाळाचीच. त्यात दुधाचे 28 दात पडून 42 यायचा हाच काळ. हिरड्या शिवशिवतात, मग समोर येईल ते तोंडात जातं.

आमचा या वयाचा असताना मोठे दीर राहायला आले होते. दार उघडताच त्याने दोन्ही पंजे भाऊजींच्या खांद्यावर टाकले आणि भाऊजी थेट सोफ्यात. दुसऱ्या दिवशी त्यांची एक चप्पल गायब. सापडली टेबलाखाली, अंगठा तुटलेला आणि तळव्यात तांदळाच्या दाण्याएवढा दुधाचा दात रुतलेला. (दात मी जपून ठेवलाय.) मला वाटलं आता चपलेवरून ऐकावं लागणार. पण भाऊजी कुत्र्याला न्याहाळत म्हणाले, "अगं, याच्या बरगड्या दिसतायत. उपाशी ठेवतेस का? कॅल्शियम सुरू कर, खाणं दुप्पट कर, हाडं भरतील." संध्याकाळी स्वतः जाऊन बाटलीही घेऊन आले. मी ती कपाटावर ठेवली, ती ठेवलीच. यावरून जाऊबाईंनी "मोठ्यांचं ऐकायची पद्धतच राहिली नाही" इथपर्यंत नेलं.

आता ऐका. पिल्लांच्या खास खाण्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. वर आणखी ओतलं तर मोठं कुत्रं नको तेवढं बाहेर टाकू शकतं, पण 6 महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते नीट जमत नाही. जादा कॅल्शियम अंगात शोषलं जातं आणि वाढती हाडं, सांध्यांची कूर्चा बिघडते. या जातींची हाडं वाढायची थांबायला दीड-दोन वर्षं लागतात, तोवर वजन भराभर चढवणं म्हणजे कच्च्या सांध्यांवर ओझं. हात फिरवला की बरगड्या सहज लागायलाच हव्यात. बाळसं माणसाच्या पोरांना शोभतं. माझ्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, पण घरात डॉक्टरांपेक्षा दिरांचा अनुभव मोठा, आणि तो अनुभव कुठला, तर लहानपणी दारात बसणाऱ्या एका कुत्र्याचा.

हां, उड्या. चारही पाय जमिनीवर टेकल्याशिवाय कोणीही हात लावायचा नाही, बोलायचं नाही, पाठ फिरवायची. पाहुण्यांनीसुद्धा. "असू दे, मला कुत्री आवडतात" म्हणणारा पाहुणाच सगळं शिकवलेलं मातीत घालतो. पाहुणे यायच्या आधी घरातही पट्टा बांधा. चावायला रबराची खेळणी द्या, चपला बंद कपाटात ठेवा. आणि दमवायचं म्हणून पळवत नेऊ नका, जिने चढवू-उतरवू नका. खाणं घरभर लपवून हुंगून शोधायला लावा, त्यानेही छान थकतं. एवढं नेटाने केलंत तर दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत माणसात येतं.

घरचं शिजवलेलं देत असाल तर हिशेब वेगळा, त्यात कॅल्शियम कमीही पडतं. किती द्यायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. पिल्लू लंगडायला लागलं तर "वाढीचं दुखणं" म्हणून घरी थांबू नका. आणि पोट फुगलंय, उलटीचे उमाळे येतायत पण बाहेर काही पडत नाही, असं कधीही दिसलं तर रात्र असो की दिवस, ताबडतोब दवाखाना गाठा. डेनमध्ये पोटाला पीळ पडायचा धोका फार. तेव्हा कोणा भाऊजींना फोन करून विचारत बसू नका.