पाच की सहा?

आचरा, ता. मालवण

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा जेटीवर तू विचारलंस, "काका, मार्कोसची, म्हणजे त्या नौदलाच्या कमांडोंची, भरती कधी निघते?" तेव्हा मी जाळ्यातली कुर्ली सोडवत होतो, म्हणून नुसतं "बघू" म्हणालो. आज निवांत लिहितो.

भरती निघतच नाही. नौदलात आधीपासून असलेल्यांतले जे आपणहून नाव देतात, त्यांना गाळून गाळून ही माणसं निवडतात. तुकडी 1987 साली उभी राहिली, तळ मुंबईत, आयएनएस अभिमन्यू. 'थेट कमांडो भरती' असा फ्लेक्स लावणारे क्लासवाले तुलाही गाठतील. आपल्या पलीकडच्या वाडीत एकाच्या बापाने त्यात अख्ख्या हंगामाचे आंब्याचे पैसे घातले. पोरगा आता गोव्यात हॉटेलात आहे.

म्हणजे आधी नौसैनिक हो. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस. अग्निवीर एसएसआरला, म्हणजे बारावीवरच्या नौसैनिक भरतीला, ते दोन्ही लागतात. सेवा चार वर्षांची आणि पुढे जास्तीत जास्त 25 टक्के कायम होतात, हा हिशोब आईला आधीच सांग. नंतर कळला तर ती मला बोल लावील. धावायचं 1.6 किलोमीटर, साडेसहा मिनिटांत. वर 20 उठाबशा, 15 पुशअप, 15 सिटअप. जाहिरात आली की आकडे पुन्हा ताडून बघ. पास झालास तर ओडिशात चिल्क्याला प्रशिक्षण. अधिकारी व्हायचं असेल तर एनडीए, म्हणजे पुण्याजवळची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. संभाजीनगरची सरकारी एसपीआय ही संस्था दहावीनंतरच त्याची तयारी करून घेते. तुझी ती गाडी चुकली, धाकट्याची चुकवू नकोस.

आणखी एक. उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन रंग नीट ओळखता येतात का ते बघून घे. कानही दाखव. खाडीत वाढलेल्या आपल्या पोरांचे कान बहुतेक फुटकेच असतात. दोन वर्षं घाम गाळून मेडिकलला परत येण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आता खरं बोलायचं ते.

4 डिसेंबर 2023 ला तारकर्लीला नौदल दिनाची प्रात्यक्षिकं बघून आलास आणि तुझ्या डोक्यात हे भरलं. हेलिकॉप्टर, बंदुका, धूर. गर्दीला दाखवायचं तर हेच दाखवणार. टेहळणीला जाणारा माणूस मात्र कुणाला दिसला की फसलाच. किनाऱ्यावर फौज उतरवायची तर आधी कुणीतरी रात्री पाण्यातून जाऊन बघून येतं: पुळणीला उतार किती, खडक कुठे, वाळू गाडीचं वजन पेलेल की चाक रुतेल, वर चढायला वाट आहे का. जहाज कुठे टेकवायचं ते त्याच्या चार ओळींवर ठरतं.

नौदलात नोकरीत असताना मार्कोससाठी मीही एकदा नाव दिलं होतं. चाळणीच्या दिवसांत एका रात्री तिघांना चिखलात पालथं घालून समोरच्या धक्क्यावर नजर ठेवायला सांगितलं. चार तास. डास, खेकडे, वर लघवीची कळ. पहाटे उस्तादांनी विचारलं, कितने आदमी? मी म्हटलं, "पाँच-छह, सर." ते शांतपणे म्हणाले, "पाँच या छह?" मला सांगता येईना. एकजण मध्येच शेडमागे गेला होता. तोच परत आला की दुसरा, हे बघायच्या वेळी मी मानेवरचा डास मारत होतो. सहाव्या दिवशी मला परत पाठवलं. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

म्हणून तुला व्यायामाचं कमी सांगतो. धाव, पण रोज मऊ वाळूत नको, नडग्या दुखावतात. पाठीवर वीस किलोची गोणी घेऊन एवढ्यात चढू नकोस, गुडघे आयुष्यभर पुरवायचेत. पॅण्ट-शर्टासकट पोहायची सवय कर, सोबत कुणीतरी हवंच. आणि ते जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारून राहण्याचं थेर ताबडतोब बंद. तसं केल्याने श्वासाची हाक उशिरा येते आणि माणूस पाण्याखालीच शुद्ध हरपतो. छातीएवढ्या पाण्यातही चांगले पोहणारे यात गेलेत.

बाकी अभ्यास तुझ्या दारात पडलाय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आजोबांनी शिकवलं असेलच. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमेला भरती दुपारी, म्हणजे पहाटे पाणी पार आत गेलेलं आणि पुळण सगळ्यात उघडी. त्या वेळी काठी नि वही घेऊन जा. पाण्यापासून सुरूच्या झाडांपर्यंत पावलं मोज. दर वीस पावलांवर टाच दाबून बघ, किती रुतते ते लिही. नकाशा काढ, उत्तर कुठे ते आधी दाखव. पावसाळ्यानंतर तीच पुळण पुन्हा मोज आणि दोन वह्या शेजारी ठेव. जे दिसलं नाही तिथे 'दिसलं नाही' असंच लिहायचं. अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहायचा.

येत्या अष्टमीला संध्याकाळी पाच ते सात खाडीच्या मुखाशी केवड्याच्या बेटात बस. मोबाइल घरी. आत येणाऱ्या होड्या, त्यातली माणसं, कुणाचं इंजिन चालू, कुणाचं बंद, सगळं टिपून ठेव. पलीकडच्या काठावरून मीही मोजतो. दुसऱ्या दिवशी वही घेऊन ये, काकूला घावणे करायला सांगतो.

तुझा,
काका