गरोदरपणातलं अपेंडिक्स आणि एमआरआयची भीती

प्रश्न : धाकट्या बहिणीला पाचव्या महिन्यात उजव्या कुशीत दुखायला लागलं. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही, म्हणून एमआरआय केला. अपेंडिक्सला सूज निघाली आणि त्याच रात्री ऑपरेशन झालं. ती आता बरी आहे. पण आई सारखी म्हणते, ‘त्या मशिनमुळे बाळाला काही झालं तर?’ त्यापेक्षा सीटी स्कॅन लवकर झाला नसता का?

उत्तर : आईंना आधी हे सांगा, की एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. चुंबक आणि रेडिओ लहरींच्या मदतीने शरीरातल्या पाण्याकडून येणारे संकेत टिपायचे, त्यांतून चित्र तयार होतं. गरोदर बायकांचे एमआरआय गेली कित्येक वर्षं होताहेत. त्याने बाळाला इजा झाल्याचं दिसलेलं नाही. आम्ही टाळतो ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन (चित्र अधिक स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध), कारण ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. अपेंडिक्ससाठी त्याची गरजही पडत नाही. सुजलेलं अपेंडिक्स ६-७ मिलिमीटरपेक्षा जाड होतं, भोवतीच्या चरबीत पाणी झिरपतं आणि काही चित्रांत ते पाणी पांढरंशुभ्र उठून दिसतं.

सोनोग्राफीत ‘दिसलं नाही’ म्हणजे ‘ठीक आहे’ असं नव्हे, हे मला मोठ्याने सांगावंसं वाटतं. गर्भाशय वाढलं की अपेंडिक्स वर सरकू शकतं, आतड्यातला वायू आड येतो. एरवी अपेंडिक्सच्या सुजेची खूण मानल्या जाणाऱ्या रक्तातल्या वाढलेल्या पांढऱ्या पेशी गरोदरपणात तशाही असतात, मळमळही असतेच. मग नुसत्या लक्षणांवरून ठरवायचं कसं?

सीटी मिनिटाभरात होतो हे खरं, पण त्यात किरणोत्सर्ग असतो. एमआरआय लगेच मिळत नसेल तर मात्र मी सीटीला नाही म्हणणार नाही. एका स्कॅनच्या किरणांपेक्षा फुटलेलं अपेंडिक्स बाळाला कितीतरी घातक.

असं मी का म्हणते, ते सांगते. काही वर्षांपूर्वी एक गरोदर मुलगी एमआरआयच्या टेबलावरून उठून गेली. घरचे म्हणाले, ‘सकाळी बघू.’ दुसऱ्या दुपारी अपेंडिक्स फुटलेल्या अवस्थेत ती परत आली. ती वाचली, बाळ वाचलं नाही. घरच्यांना मी दोष देत नाही. भीती त्यांच्या मनात होती आणि आमच्यापैकी कुणीच बसून समजावलं नव्हतं. तेव्हापासून स्कॅनआधी मी स्वतः जाऊन बोलते : आवाज मोठा येईल, कानात बोळे घाला, थोडं डाव्या कुशीवर कलून झोपा, पंधरा-वीस मिनिटं लागतील.

तुमच्या बहिणीने वेळ घालवला नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना तिला तपासणीला न्या. एमआरआय झाला म्हणून बाळाची वेगळी कुठलीही तपासणी करावी लागत नाही.