मुलांसोबत फिरत्या रंगांची चित्रं: सुरुवातीला एवढंच बघा

फिरत्या कागदावर पातळ रंगाचे थेंब टाकायचे, ते बाहेरच्या बाजूला पसरतात आणि चित्र तयार होतं. कागद फिरवायला मोटर वगैरे आत्ता नको. केकवर आयसिंग करायचं फिरतं स्टँड घरात असेल तर काम झालं. ते उभ्या कडांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, नाहीतर शिंतोडे भिंतीवर जातील. टेबलफॅन किंवा मिक्सरवर हा प्रयोग मुलांसोबत अजिबात करू नका.

सगळा खेळ रंगाच्या दाटपणाचा आहे. पोस्टर कलर बाटलीतून थेट टाकला की तो जागचा हलत नाही, आणि नवीन माणसं जोरजोरात फिरवत बसतात. थोडंथोडं पाणी घालून ताकाइतका पातळ करा. फारच पाणी झालं तर कागद फुगतो.

- कागद जाड घ्या, कार्डशीट उत्तम. वहीचं पान फाटतं.
- तो बरोबर मध्यावर दुहेरी टेपने चिकटवा.
- रंग दोन-तीनच. लाल, पिवळा, निळा एकदम ओतले की तपकिरी चिखल होतो.
- थेंब मध्याच्या जरा बाजूला टाका; अगदी मध्यावरचा तिथेच राहतो.

चित्र आडवंच वाळवा, दोरीवर टांगलं तर ओघळतं. आणि फिरवायचं काम मुलांनाच द्या, तुम्ही फक्त स्टँड धरा!