व्यसनातून बाहेर आलेल्या भावाचा आयटीआय प्रवेश: दिव्यांग कोटा आणि सवलत

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: केईएमच्या मानसोपचार ओपीडीत दारूसाठी उपचार घेणाऱ्या भावाला फिटर ट्रेडला दिव्यांग कोटा मिळेल का, आणि फॉर्ममधल्या 'व्यसन आहे का?' या रकान्यात काय लिहायचं.

आधी कोट्याचं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत व्यसनाचं वेगळं नाव नाही. 'मानसिक आजार' आहे, पण आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते आयडियाज (IDEAS) या मानसिक आजारातलं दिव्यांगत्व मोजायच्या मोजपट्टीवर ठरतं: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद-आकलन, काम, आणि आजार किती काळ आहे. सोबत बायपोलरसारखा दुसरा आजार नसेल, तर त्यामागे महिने घालवू नका. प्रवेशफेरी निघून जाते.

सवलतीचं वेगळं. ४० टक्के नसले तरी वाजवी सोय, म्हणजे गरजेनुसार नियमांत थोडा बदल, मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केलं. २०१७चा मानसिक आरोग्य कायदाही दारू-ड्रग्जशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरतो. म्हणून अर्ज करायला जागा आहे. मंजुरीची हमी नाही, आणि पिऊन वर्कशॉपमध्ये येण्याला ही सोय कधीच लागू होत नाही.

खरं वजन डॉक्टरांच्या पत्राला असतं, आणि तिथेच बहुतेकांचं चुकतं. 'उपचार सुरू आहेत, सहकार्य करावे' या ओळीवर प्राचार्य काय ठरवणार? पत्रात उपचार कधीपासून, किती महिने दारू बंद, लेथ-ड्रिलवर काम करायला तंदुरुस्त आहे का, गोळ्यांनी झोप येते का, हे हवं. मग नेमकी मागणी: ओपीडीच्या दिवशी सकाळची सुट्टी आणि बुडालेलं प्रॅक्टिकल भरून काढायची तारीख. निदानाचा सगळा इतिहास देऊ नका, गरजेपुरतंच लिहून घ्या.

गोळीचं नाव मात्र तपासा. डायसल्फिराम (दारू घेतल्यास त्रास होणारी गोळी) चालू असेल तर स्पिरिट, अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर टाळायला हवं, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत दारूने त्रास होऊ शकतो. नाल्ट्रेक्सोन (दारूची ओढ कमी करणारी गोळी) असेल तर खिशात तसं कार्ड ठेवा. अपघातात ओपिऑइड (मॉर्फिनसारखी अफूवर्गीय) वेदनाशामक चालत नाहीत, हे डॉक्टरांना कळलं पाहिजे.

रकान्याचे शब्द नीट वाचा. 'सध्या' विचारलं असेल तर सध्याचंच उत्तर, 'पूर्वी' असेल तर 'होय, उपचाराखाली, अमुक महिन्यांपासून बंद'. खोटं लिहू नका. नंतर उघड झालं तर प्रवेशच धोक्यात येतो आणि सवलत मागायची वाट बंद होते.

सवलतीचा अर्ज आयटीआयमध्ये दोन प्रतींत द्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. उत्तर आलं नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तीच प्रत जोडून तक्रार करता येते. मधल्या काळात भावाची दारूची ओढ वाढली तर १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, ती त्याच्या फोनमध्ये आजच साठवा.